उपवासाला चहा चालतो

पहाटे पाचला साताऱ्याहून निघून आम्ही आठच्या सुमारास पुण्यातल्या एका रुग्णालयाच्या तळमजल्यावर पोहोचलो, तेव्हा आईच्या हातात जुन्या रिपोर्टांची कापडी पिशवी होती आणि चेहऱ्यावर सांगितलेले सगळे नीट पाळल्याचे समाधान होते. तपासणी स्ट्रेस थॅलियमची, म्हणजे हृदयावर ताण आला की त्याला रक्त कसे पोहोचते ते पाहण्याची होती. हाताला सुई लावण्याआधी तंत्रज्ञाने शेवटचा म्हणून एक प्रश्न विचारला, "काकू, कालपासून चहा-कॉफी काही घेतलं नाही ना?" आई सरळपणे म्हणाली, "पोटात अन्नाचा कण नाही हो. निघताना अर्धा कप चहा घेतला तेवढाच. उपवासाला चहा चालतो." त्याने सुई पुन्हा ट्रेमध्ये ठेवली आणि डॉक्टरांना बोलावून आणले. त्या दिवशी तपासणी झाली नाही.

परतीच्या वाटेवर खंबाटकीचा घाट ओलांडेपर्यंत आई एक शब्द बोलली नाही. मग म्हणाली, "मला कुणी चहाचं सांगितलंच नव्हतं." ते खरे होते. सूचनांचा कागद पावतीला टाचून मिळाला होता आणि तो इंग्रजीत होता. चोवीस तास आधीपासून कॅफीन असलेले काहीही घेऊ नये, असे त्यावर स्पष्ट लिहिलेले होते. तो कागद मी वाचला होता आणि आईला सांगताना मी म्हटले होते, "उपाशीपोटी जायचंय." चार ओळींच्या सूचनेचा मी एक शब्द केला आणि आईने त्या शब्दाचा तिच्या आयुष्यातला अर्थ लावला. चूक माझी होती, आणि ती कशी झाली याचा विचार मी त्यानंतर बराच काळ केला.

आमच्या घरी एकादशी, संकष्टी आणि श्रावणातले सोमवार आई लग्नाच्या आधीपासून धरत आली आहे. उपवास म्हटला की तिच्या मनात काय सोडायचे यापेक्षा काय चालते याची यादी उभी राहते: साबुदाणा, वरई, शेंगदाणे, रताळे, राजगिरा, ताक आणि अर्थातच चहा. काहीच न घेता राहायचे असेल तर त्याला तिच्याकडे निराळा शब्द आहे, निर्जळी; ती हरतालिकेला करायची. दवाखान्यातले 'उपाशीपोटी' या दोन्हींत बसत नाही. कोलेस्टेरॉलच्या रक्ततपासणीसाठी नऊ ते बारा तास काही खायचे नसते, पण साधे पाणी चालते, किंबहुना प्यावे, कारण शरीरात पाणी कमी असले की शीर सापडायला त्रास होतो. (अलीकडे पुष्कळ ठिकाणी ही तपासणी जेवलेल्या पोटीही करतात, ट्रायग्लिसराइड ही रक्तातली चरबी जास्त असण्याची शंका असेल तर मात्र उपाशीपोटीच करायला सांगतात.) अँजिओग्राफीसाठी, म्हणजे नळीतून रंगद्रव्य सोडून हृदयाच्या रक्तवाहिन्या पाहण्याच्या तपासणीसाठी, चार ते सहा तास पोट रिकामे ठेवायला सांगतात, ते उलटी होऊन अन्न श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून. आणि थॅलियमसाठी खाण्याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, प्रश्न कॅफीनचा असतो. शब्द एकच, पण त्यामागची कारणे तीन. कारण सांगितले असते तर आईला शब्दाचा अर्थ लावावाच लागला नसता.

ते कारण मला त्या दिवशी डॉक्टरांनी शांतपणे समजावून सांगितले, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. ज्या रुग्णाला पळता किंवा पुरेसे चालता येत नाही, त्याच्या हृदयाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या औषध देऊन रुंदावतात. निरोगी वाहिनी चांगली रुंदावते, अरुंद झालेली तितकी रुंदावू शकत नाही, आणि रक्तप्रवाहातला हा फरक किरणोत्सारी द्रव्याच्या साहाय्याने चित्रात दिसतो. कॅफीन आधीच पोटात गेले असेल तर ते औषधाला आपले काम करू देत नाही, कारण औषध ज्या जागांवर जाऊन बसते त्याच जागा कॅफीनने अडवलेल्या असतात. मग चित्र चांगले येते आणि ते चांगले येणेच घातक असते. तेव्हा आईचा तो अर्धा कप चहा ऐकून तपासणी थांबवणाऱ्या तंत्रज्ञाने तिच्यावर उपकारच केले. चहा-कॉफीबरोबर कोलाची पेये, चॉकलेट आणि डोकेदुखीच्या काही गोळ्या यांतही कॅफीन असते, हेही मला तेव्हाच कळले. थॅलियम या किरणोत्सारी द्रव्याचे नाव लोकांच्या तोंडी राहिले असले, तरी आता पुष्कळ ठिकाणी त्याऐवजी टेक्नेशियम वापरतात, आणि त्याची किरणोत्सारिता दर सहा तासांनी निम्मी होते. त्यामुळे सकाळी एका रुग्णासाठी मागवलेली मात्रा दुसऱ्या दिवसासाठी ठेवून देता येत नाही. आमच्यासाठी मागवलेली मात्रा वाया गेली, आणि त्या वेळेला दुसरे कुणीतरी येऊ शकले असते, ही रुखरुख मला अजूनही आहे.

हे सगळे सुरू झाले होते त्याच्या आदल्या नवरात्रात. अजिंक्यताऱ्यावरच्या मंगळाईला आई दर वर्षी चालत जाते. त्या वर्षी ती अर्ध्या वाटेवर दगडावर बसली आणि म्हणाली, "तुम्ही व्हा पुढं, मला जरा भरून आल्यासारखं होतंय." पाच मिनिटांनी बरे वाटले आणि ती वर आली. नंतर तसेच जिना चढताना होऊ लागले, नळाचे पाणी वर नेताना होऊ लागले. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी विचारले, "छातीत दुखतं का?" आई म्हणाली, "नाही." ती खोटे बोलत नव्हती. दुखणे म्हणजे तिच्या लेखी ठणकणे, कळ येणे. तिला होत होते ते दाटून येणे, गळ्याशी आवळल्यासारखे वाटणे आणि मग घाम. ते तिने पित्तात जमा केले होते आणि त्यावर ती कोकमाचे सार पीत होती.

आपल्याकडे बायकांच्या छातीतल्या त्रासाला पित्त आणि गॅस हे दोन शब्द इतके सहज पुरतात की त्यांच्या आड काय दडले आहे ते महिनोन्महिने कळत नाही. हृदयविकाराचे दुखणे छातीत येते हे खरे आहे, बायकांतही ते येतेच. पण दम लागणे, जबड्यात किंवा पाठीत दुखणे, मळमळ आणि न समजणारा थकवा या तक्रारी बायकांत अधिक आढळतात, आणि मधुमेह असेल तर दुखणे मुळीच जाणवत नाही असेही होते. म्हणून तपासणीच्या तयारीतली पहिली गोष्ट माझ्या मते घरातच करायची असते: काय होते, कधी होते, काय करताना होते, किती वेळ टिकते आणि कशाने थांबते, हे त्या माणसाच्याच शब्दांत लिहून काढणे. 'दुखते का' या प्रश्नाला आईचे उत्तर नाही असे होते, आणि 'चढ चढताना काय होतं' या प्रश्नाला तिने अर्धा तास उत्तर दिले.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगून ठेवते. मी बोलते आहे ती ठरवून, तारीख घेऊन करायच्या तपासण्यांविषयी. छातीत दाटून आले आणि बसूनही ते थांबत नसेल, घाम फुटला असेल, तर तयारी कसलीच करायची नसते. १०८ ला फोन करून निघायचे असते. रुग्णालयात पोहोचल्यावर दहा मिनिटांच्या आत ईसीजी, म्हणजे हृदयाच्या विद्युत हालचालींचा आलेख, निघावा, असा वैद्यकातला दंडक आहे. तिथे उपाशी आहात का, कपडे कोणते घातले आहेत, हे कुणी विचारत नाही.

पहिली तपासणी ईसीजीची झाली. तिला म्हणण्यासारखी तयारी लागत नाही. अंघोळीनंतर छातीला तेल, पावडर किंवा क्रीम लावू नये, नाहीतर इलेक्ट्रोड नीट चिकटत नाहीत, आणि पुरुषांच्या छातीवर दाट केस असतील तर तेवढ्यापुरते काढावे लागतात. हॉलंडमधल्या लायडनला विलेम आइंटहोव्हेन यांनी हा आलेख काढायला सुरुवात केली तेव्हा माणसाला दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसावे लागे आणि यंत्राचे वजन पावणेतीनशे किलोच्या आसपास होते. त्यांना १९२४ साली नोबेल मिळाले. आता दहा इलेक्ट्रोड, पाच मिनिटे आणि काम पूर्ण.

पण आईसाठी ती पाच मिनिटे सोपी नव्हती. आत एक तरुण मुलगा होता आणि त्याने भिंतीकडे पाहत सांगितले, "मावशी, ब्लाउज काढून झोपा." आई उभीच राहिली. तिने आयुष्यात परक्या पुरुषासमोर पदरसुद्धा ढळू दिलेला नाही. मी स्त्री तंत्रज्ञ आहे का असे विचारले, तेव्हा शेजारच्या खोलीतून एक ताई लगेच आल्या. त्यांनी आधी आईच्या अंगावर चादर टाकली आणि मग तिच्या खालून हात घालून एक एक इलेक्ट्रोड लावला. मागितल्यावर ही सोय मिळाली, हे इथे मुद्दाम नोंदवते आहे, कारण पुष्कळ जणी ती मागत नाहीत, आणि काही जणी तपासणीलाच नाही म्हणतात. या संकोचाला मागासलेपणा म्हणणारी माणसे मला भेटली आहेत. त्यांना मी लेनेक यांची हकिकत सांगते. १८१६ साली पॅरिसमध्ये या डॉक्टरांसमोर हृदयविकाराची लक्षणे असलेली एक तरुण स्त्री आली. त्या काळच्या रीतीप्रमाणे छातीला थेट कान लावणे त्यांना प्रशस्त वाटेना, म्हणून त्यांनी कागदाची घट्ट सुरळी केली, तिचे एक टोक तिच्या छातीला लावले आणि दुसरे आपल्या कानाला. थेट कान लावून ऐकू आले असते त्यापेक्षा कितीतरी स्पष्ट ठोके त्यांना ऐकू आले. जगातला पहिला स्टेथोस्कोप एका बाईचा संकोच जपताना जन्माला आला.

कपड्यांविषयी म्हणूनच मी आता कुणालाही आधी सांगते. पुढून उघडणारा ब्लाउज किंवा सैल कुडता घालावा, गळ्यातले आदल्या रात्रीच उतरवून घरी ठेवावे आणि बरोबर एक जुनी ओढणी किंवा शाल न्यावी. इकोला, म्हणजे ध्वनिलहरींनी हृदयाचे चित्र पाहण्याच्या तपासणीला, हे सगळे तसेच उपयोगी पडते. ती तपासणी डाव्या कुशीवर झोपवून, छातीवर थंड जेली लावून करतात आणि तिच्यात दुखण्यासारखे काही नसते. १९५३ साली स्वीडनमधल्या लुंडला एडलर आणि हर्ट्झ या दोघांनी ती पहिल्यांदा केली, तेव्हा त्यांनी सुरुवातीला आजमावून पाहिलेले यंत्र माल्मोच्या जहाजबांधणी कारखान्यात धातूतले दोष शोधायला वापरत असत. नेहमीच्या इकोआधी जेवण झालेले चालते. घशातून नळी घालून केला जाणारा इको मात्र वेगळा: त्याआधी सहा तास पोट रिकामे लागते, कवळी काढून ठेवावी लागते आणि गिळताना त्रास होत असेल तर तो आधी सांगावा लागतो.

आईचा ईसीजी चांगला आला, इकोही चांगला आला, आणि घरात सगळ्यांना हायसे वाटले. डॉक्टरांना वाटले नाही. बसलेल्या हृदयाचे चित्र चढ चढणाऱ्या हृदयाविषयी फारसे सांगत नाही, असे ते म्हणाले आणि त्यांनी टीएमटी, म्हणजे सरकत्या पट्ट्यावर चालवून ईसीजी काढायची तपासणी, लिहून दिली.

त्यासाठी आईने वयाच्या सहासष्टाव्या वर्षी पहिल्यांदा बूट घेतले. पोवई नाक्यावरच्या दुकानात तिने तीन जोड घालून पाहिले आणि चौथा, निळ्या पट्टीचा, पसंत केला. सलवार-कमीज माझी घातली. दोन-तीन तास आधी हलके खायचे होते, म्हणून तिने एक भाकरी आणि दूध घेतले. सगळे नीट होते. सरकता पट्टा सुरू झाला. सिएटलच्या रॉबर्ट ब्रूस यांनी १९६३ साली रूढ केलेल्या पद्धतीनुसार पहिली तीन मिनिटे वेग ताशी पावणेतीन किलोमीटरच्या आसपास असतो आणि चढ दहा टक्के, म्हणजे शंभर पावलांमागे दहा पावले वर. दर तीन मिनिटांनी वेगही वाढतो आणि चढही. मंगळाईच्या वाटेवर जे घडते तेच चार भिंतींच्या आत, तारा लावून, डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर घडवून आणायचे, एवढाच या यंत्राचा हेतू. २२० मधून वय वजा केले की १५४ उरतात. त्याच्या पंच्याऐंशी टक्के, म्हणजे १३१ ठोक्यांपर्यंत आईची नाडी जायला हवी होती. ती ११२ वर अडली. गुडघे बोलू लागले, तिने दांडी घट्ट धरली आणि पट्टा थांबवावा लागला.

डॉक्टरांनी विचारले, "हृदयाचे ठोके कमी करणारी गोळी आज घेतली होती का?" मी घाईने म्हटले, "हृदयाची कुठलीच गोळी नाही त्यांना." मग त्यांनी पिशवीतली पाकिटे बाहेर काढायला लावली. त्यात मेटोप्रोलॉल होते. आमच्या घरात तिचे नाव होते 'बीपीची पांढरी गोळी', आणि फॉर्मवरच्या 'हृदयाची औषधे' या रकान्यात मीच नाही असे लिहिले होते. ही गोळी नाडी वाढू देत नाही. त्यामुळे अशा तपासणीआधी ती चालू ठेवायची की एक-दोन दिवस थांबवायची, हे डॉक्टर ठरवतात. काही वेळा गोळी चालू असतानाच हृदय कसे वागते हे त्यांना पाहायचे असते. पण ती स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नये, कारण एकदम सोडल्यास रक्तदाब आणि छातीतले दुखणे उसळू शकते. आमचा रिपोर्ट 'अनिर्णित' म्हणून आला. पट्ट्यावर आणखी चालणे गुडघ्यांमुळे शक्य नव्हते, म्हणून औषध देऊन करायची स्ट्रेस थॅलियम ठरली, आणि मग तो चहा.

दोनदा असे झाल्यावर मी एक वही घेतली. घरातल्या प्रत्येक पाकिटावरचे नाव, त्याची मात्रा, वेळ आणि ती कशासाठी आहे, हे तिच्यात लिहिले. लिहिता लिहिता अशा गोष्टी बाहेर आल्या ज्या आईच्या मते औषधेच नव्हती. गुडघ्यांसाठी ती अधूनमधून दुकानातून आणून घेत असलेली दुखण्यावरची गोळी. या गोळ्या मूत्रपिंडावर ताण आणतात, आणि पुढे रंगद्रव्य टोचून तपासणी करायची असेल तर डॉक्टरांना हे कळायलाच हवे. खोकल्यासाठी थंडीत सुरू केलेला आणि पुढे सवयीचा झालेला काढा, ज्यात ज्येष्ठमध भरपूर होते. ज्येष्ठमध रोज बऱ्याच प्रमाणात पोटात गेले तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटते, आणि घटलेले पोटॅशियम ईसीजीच्या आलेखातही उमटते. आई म्हणाली, "काढा काय औषध असतो का? तो तर घरचाच." माझ्या वडिलांची मधुमेहाची गोळीही मी तेव्हाच लिहून ठेवली. मेटफॉर्मिन घेणाऱ्याला रंगद्रव्य द्यायचे असेल तर मूत्रपिंडाच्या कामावरून ती काही काळ थांबवायची का हे ठरवतात, आणि इन्सुलिन घेणाऱ्याने उपाशीपोटी जाताना सकाळची मात्रा किती घ्यायची हे आदल्या दिवशीच विचारून घ्यावे लागते, नाहीतर रांगेत बसल्या बसल्या साखर उतरते.

याच वहीमुळे मला माझ्या मावशीचे कळले. ती पलीकडच्या तालुक्यात राहते. तिच्या ईसीजीच्या वेळी 'तंबाखू' या रकान्यापुढे नाही असे लिहिले गेले होते. मावशी गेली चाळीस वर्षे मशेरी लावते, दिवसातून चार वेळा. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच आहे. पण आमच्याकडच्या कितीतरी बायकांसाठी ती दात घासायची वस्तू आहे. तंबाखू खातात ते पुरुष, आणि मशेरी ही न्हाणीघराच्या कोनाड्यात, कोळशाच्या पुडीशेजारी असते. निकोटिन तर दोन्हींतून रक्तात जाते, नाडी वाढवते आणि रक्तवाहिन्या आकुंचित करते. तपासणीच्या आधी काही तास ती लावू नये, हे तिला कुणी सांगणार कसे, जर विचारणाऱ्याचा शब्द तंबाखू असेल आणि तिचा शब्द मशेरी?

दुसऱ्या वेळी थॅलियम पार पडली. सूचनांचा कागद मी ओळ न ओळ मराठीत लिहून स्वयंपाकघरात चहाच्या डब्याला चिकटवला होता. आईने चोवीस तास चहा घेतला नाही, डोके दुखले तेव्हा पदर बांधून झोपली. औषध शिरेतून जाऊ लागल्यावर छाती जड झाली, चेहरा गरम झाला आणि दोन-तीन मिनिटांत ते ओसरलेही. हे होईल असे आधी सांगितलेले असल्यामुळे ती घाबरली नाही. चित्रात हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त कमी पोहोचताना दिसले, आणि अँजिओग्राफी ठरली.

या तपासणीची तयारी मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते दाखवणाऱ्या रक्तातल्या क्रिएटिनिनपासून सुरू होते, कारण रंगद्रव्य मूत्रपिंडातून बाहेर पडते. आधी कधी असे रंगद्रव्य टोचून अंगावर पित्त उठले होते का, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, हे विचारतात. अ‍ॅस्पिरिन सहसा थांबवत नाहीत. हे सगळे आमच्या वहीत होते. वहीत नव्हत्या त्या आईच्या बांगड्या.

आता अँजिओग्राफी बहुधा मनगटाच्या नाडीतून करतात. १९२९ साली जर्मनीत वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरांनी कोपराजवळच्या शिरेतून स्वतःच्याच हृदयापर्यंत नळी सरकवली आणि तशाच अवस्थेत चालत जाऊन क्ष-किरणाचे चित्र काढून घेतले. हृदयापर्यंत नळी नेता येते हे तिथून कळले. पुढे पुष्कळ वर्षे ही तपासणी प्रामुख्याने जांघेतून करत असत आणि नंतर कित्येक तास पाय न हलवता पडून राहावे लागे. मनगटाचा मार्ग माँट्रियलच्या लुसियाँ काम्पो यांनी १९८९ साली दाखवून दिला. रुग्णाच्या दृष्टीने तो फार सुखाचा आहे, कारण थोड्या वेळाने उठून बसता येते. पण त्यासाठी मनगट मोकळे लागते, आणि आईच्या दोन्ही हातांत गेली पंचेचाळीस वर्षे काचेचा चुडा आहे. तुटली तरी बांगडी फुटली असे ती म्हणत नाही. बांगडी वाढवली म्हणते, आणि लगेच दुसरी भरते. वडील समोर असताना दोन्ही हात रिकामे करायचे, ही गोष्ट तिला सुईपेक्षा, नळीपेक्षा जड गेली.

आदल्या संध्याकाळी मोरीत बसून साबण लावून मी एक एक बांगडी उतरवली. वडील दाराशी उभे होते. ते काही बोलले नाहीत, पण त्यांनी देवघरातून एक हळकुंड आणले, पांढऱ्या दोऱ्याला हळद लावून त्यात ते ओवले आणि मंगळसूत्र काढल्यावर आईच्या गळ्यात बांधायला माझ्याकडे दिले. दुसऱ्या दिवशी वॉर्डातल्या सिस्टरनी तो दोरा पाहिला. मला वाटले त्या काढायला सांगतील. त्यांनी तो खांद्याजवळ नीट वळवून पट्टीने चिकटवला आणि म्हणाल्या, "राहू दे काकू, मध्ये येत नाही."

एक गोष्ट मात्र आम्ही आधी बोलून ठेवली होती, आणि ती बोलल्याचे मला फार बरे वाटते. तपासणी चालू असतानाच अडथळा सापडला तर नातेवाइकांना बाहेर बोलावून, पडद्यावर काळे-पांढरे चित्र दाखवून विचारतात की लगेच स्टेंट, म्हणजे वाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळीची नळी, बसवायचा का. त्या दोन मिनिटांत कुणाला काही सुचत नाही. आम्ही आदल्या भेटीत डॉक्टरांना विचारले होते: कोणत्या परिस्थितीत लगेच करणे गरजेचे असते, कोणत्या परिस्थितीत थांबून विचार करता येतो, खर्च किती, आणि चित्रफितीची प्रत मिळेल का. मुख्य म्हणजे आईला विचारले होते. ती म्हणाली, "जे करायचं ते एकदाच करा, पुन्हा बांगड्या काढायला लावू नका." बाहेर बोलावले तेव्हा वडिलांनी तिचेच वाक्य सांगितले आणि सही केली. एका वाहिनीत स्टेंट बसला. दुसऱ्या दिवशी आम्ही घरी आलो आणि कासार संध्याकाळी घरी येऊन उजव्या मनगटावरची पट्टी सांभाळत डाव्या हातात हिरव्या बांगड्या भरून गेला.

गेल्या महिन्यात मावशी आमच्याकडे आली. तिला टीएमटी सांगितली आहे. आईने तिला पाटावर बसवले, कपाटातून निळ्या पट्टीचे बूट काढले आणि घालून पाहायला दिले. मावशीचा पाय थोडा लहान आहे. आईने टाचेशी कापूस भरला आणि चार पावले चालायला लावले. मग वही आणि पेन घेऊन ती तिच्यासमोर बसली. "सकाळी उठल्यापासून सांग," म्हणाली. "गोळ्या नंतर. आधी मशेरी कितीदा लावतेस ते सांग."

मावशी माझ्याकडे पाहू लागली. मी चहा टाकायला आत गेले.